सांगली : नगरजीवन आणि शिक्षण

सांगली : दक्षिण महाराष्ट्रातील सांगली जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व पूर्वीच्या सांगली संस्थानची राजधानी. हे शहर कृष्णा नदीच्या डाव्या तीरावर, हरिपूर येथील कृष्णा-वारणा संगमाच्या थोडे वरच्या अंगास वसले असून कोल्हापूरपासून सु. ५० किमी. अंतरावर आहे. १९९८ मध्ये सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या हद्दीतील लोकसंख्या ५,०२,७९३ (२०११) होती. ‘सहा गल्ल्यांचे गाव’ यावरून सांगली हे नाव पडले, अशी लोकांत प्रचलित असलेली व्युत्पत्ती सांगितली जाते. ती शास्त्रशुद्ध असो वा नसो, गावाच्या मूळच्या लहान आकाराची आठवण तीत टिकून राहिली आहे.

हळदीची बाजारपेठ, मराठी नाटकाचे जन्मस्थान आणि महाविद्यालयांचे शहर या तीन नात्यांनी सांगली ओळखली जाते. ही तिन्ही अंगे एकाच ठिकाणी वाढलेली नाहीत. राजवाडा, नाट्यगृह व पेठा नदीकाठच्या सखल भागात राहिल्या. महाविद्यालये पूर्वेस, मिरजेच्या वाटेवरील उंच माळावर गेली. नदीकाठच्या उत्पन्नावर पोसलेले शहर हळूहळू त्या माळाकडे कसे सरकत गेले, हा सांगलीच्या गेल्या शंभर वर्षांच्या सामाजिक इतिहासाचा गाभा होय.

मिरजेच्या पटवर्धन घराण्यातील चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब यांचे आपले चुलते गंगाधरराव यांच्याशी जहागिरीच्या वाटणीवरून वितुष्ट आले. त्यातून चिंतामणरावांनी मिरज सोडली आणि १८०१ मध्ये सांगली येथे आपली स्वतंत्र राजधानी केली. त्यांनी बांधलेला गणेशदुर्ग हा भुईकोट, त्यातील राजवाडा आणि कृष्णाकाठचे गणपती मंदिर यांच्या भोवतीने गाव वाढले. नव्या राजधानीस कारकून, शास्त्री, सराफ, शिलेदार, विणकर, तांबट असे सर्व तऱ्हेचे लोक हवे होते. गावभागात ब्राह्मण व कारभारी कुटुंबांचे वाडे उभे राहिले, खणभागात विणकर व इतर कारागीर वसले, गणपती पेठेत किराणा व भुसार मालाचे व्यापारी आले, तर वखारभागाचे नाव त्याच्या व्यवसायाची साक्ष आजही देते. लिंगायत व जैन व्यापारी, गुजराती व मारवाडी पेढीवाले, मराठा व धनगर शेतकरी, मुसलमान कारागीर अशी ही मिश्र वस्ती होती. पेठेतील बरीच घराणी घरात कन्नड व दुकानात मराठी बोलत. हे दुभाषीपण पुढे महाविद्यालयीन जीवनातही उतरले.

चिंतामणरावांच्या आश्रयाने घडलेली सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे मराठी नाटकाचा आरंभ. उत्तर कानडा जिल्ह्यातून आलेल्या भागवत मंडळींचे यक्षगानाचे खेळ त्यांनी पाहिले आणि तशाच धर्तीचा पण अधिक रेखीव खेळ मराठीत रचण्याची आज्ञा आपल्या पदरी असलेले विष्णू अमृत ऊर्फ विष्णुदास भावे यांस केली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी राजवाड्यात सीता स्वयंवर हा आख्यानवजा नाट्यप्रयोग झाला. हाच दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. सांगलीत भावे यांच्या नावाचे नाट्यमंदिर असून येथूनच रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंतास प्रतिवर्षी विष्णुदास भावे गौरवपदक देण्यात येते.

या घटनेच्या उत्तरार्धाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. १८५१ मध्ये चिंतामणराव निधन पावले आणि दरबारचा आश्रय संपला. जमविलेली मंडळी, पोशाख आणि अंगावरचे कर्ज घेऊन भावे यांना बाहेर पडावे लागले. गावोगाव खेळ करीत ते मुंबईस गेले आणि तेथे १८५३ मध्ये तिकीट लावून प्रयोग केले. मराठी नाटक लोकांचे झाले ते आश्रयदाता गेल्यामुळे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. संस्थानच्या गादीवर ज्याचे पोट अवलंबून होते, अशा प्रत्येकास ही वेळ केव्हा ना केव्हा येणारच होती. नाटकवाल्यांवर ती एक शतक आधी आली इतकेच. पुढे हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) या दोन नाटककारांनी गावाचे नाव राखले. कादंबरीकार वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांचा जन्मही येथलाच. परंतु त्यांची कर्मभूमी शिरोडे व कोल्हापूर ही होय.

गावाचे दैनंदिन अर्थकारण मात्र हळदीवर चाले. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात पिकणारी हळद शेतावरच काहिलीत शिजवून, वाळवून व घासून पिवळीधमक केली जाई आणि पोत्यांतून सांगलीच्या पेठेत येई. कालांतराने कर्नाटक, आंध्र व तमिळनाडू येथील मालही सौद्यांसाठी येथे येऊ लागला. या व्यापाराचे वैशिष्ट्य म्हणजे पेव. हरिपूर व सांगली परिसरातील जमीन पाणी झिरपू न देणारी असल्याने तीत खोल खड्डा घेत. त्याचे तोंड अरुंद व पोट ऐसपैस असे. आत पाचट व गवत यांचा थर देऊन हळद भरत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. अशा पेवात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही, रंग टिकवी आणि व्यापाऱ्यास भाव चढेपर्यंत थांबण्याची सवड देई. पेव उघडल्यावर आत हवा खेळण्यास वेळ द्यावा लागे, कारण कोंडलेल्या हवेत घाईने उतरणे जिवावर बेते. हे काम पिढीजात जाणकारांचे होते. कोणत्या पेवात कोणाचा किती माल आहे, हे वहीत लिहिलेले असे आणि त्या नोंदीवर पैसे कर्जाऊ मिळत. जमिनीखाली पुरलेल्या मालावर अशी पत उभी राहिल्याने शेतकरी, अडत्या, दलाल व सावकार एका साखळीत बांधले गेले. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या सांगली बँकेस या व्यापाराच्या मुलखातच प्रथम पाय रोवता आले. ही बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. जिल्ह्यात पिकणाऱ्या द्राक्षांच्या बेदाण्यास तो त्यापूर्वीच, २०१६ मध्ये मिळाला होता.

या बाजाराची दुसरी बाजू म्हणजे पाठीवर पोती वाहणारे हमाल, काट्यावरचे तोलाईदार आणि हळद व बेदाणा निवडणाऱ्या स्त्रिया. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून आलेली अनेक कुटुंबे या कामावर जगली. हमालांच्या संघटना झाल्या आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व भरपाई यांचे काही नियमन झाले. निवडणीचे काम करणाऱ्या स्त्रियांना मात्र संघटनेचा असा आधार फारसा लाभला नाही. बारा महिने सायंकाळपर्यंत पिवळे राहणारे त्यांचे हात गावाला इतके परिचयाचे होते की त्यांची वेगळी नोंद करावी असे क्वचितच कोणास वाटले.

महाविद्यालयाची स्थापना होईपर्यंत दक्षिण महाराष्ट्रातील लहानमोठ्या संस्थानांच्या मुलखातील होतकरू मुलास मॅट्रिकनंतर पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागे. धारवाडचे कर्नाटक कॉलेज निघाले ते १९१७ मध्ये. सांगलीचे त्या वेळचे अधिपती दुसरे चिंतामणराव (१८९०–१९६५) यांच्या पाठबळाने पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये येथे विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचे नाव त्यास देण्यात आले आणि पुढे महाविद्यालय सांगली व मिरज यांच्या मधोमध, विश्रामबाग येथील मोकळ्या माळावर स्थिरावले. ही जागा त्या काळी दोन्ही गावांपासून गैरसोयीची होती, पण दोन्ही गावांना समान गैरसोयीची होती आणि तेच तिचे राजकीय सोयीस्करपण होते. सांगली व मिरज ही दोन स्वतंत्र संस्थाने. एकाच्या वेशीत बांधलेले महाविद्यालय दुसऱ्यास आपले वाटले नसते. जमीन उंचावर होती, हा त्या वेळी कोणी फारसा न मोजलेला लाभ.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या महाविद्यालयात मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषकांचे विद्यार्थी व अध्यापक असत. कन्नड कवी वि. कृ. गोकाक हे येथे प्राचार्य होते आणि कन्नड वाङ्‌मयाचे इतिहासकार रं. श्री. मुगळी यांनी येथे अध्यापन केले. मराठी लेखक पु. ल. देशपांडे यांनी पदव्युत्तर शिक्षण येथेच पुरे केले. सीमाप्रश्नाच्या चर्चेत या दोन भाषांच्या भांडणाचाच उल्लेख अधिक होतो. एकाच वर्गखोलीत त्या एका मागून एक शिकविल्या जात होत्या, ही वस्तुस्थिती त्यामुळे झाकली जाते. राज्यपुनर्रचनेनंतर (१९५६) कन्नड मुलखातील विद्यार्थ्यांचा ओघ धारवाड व बेळगाव यांकडे वळला आणि महाविद्यालयाचे हे दुभाषी स्वरूप क्षीण होत गेले. पुणे विद्यापीठ आणि १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ असे संलग्नतेचे टप्पे पुढे आले.

स्वातंत्र्यलढ्याची एक घटना शहराच्या जुन्या भागाशी निगडित आहे. गणेशदुर्गातील तुरुंगात डांबलेले वसंतराव (वसंतदादा) पाटील व त्यांचे सहकारी २४ जुलै १९४३ रोजी पहारेकऱ्यांना निःशस्त्र करून तटावरून खंदकात उड्या टाकून निसटले. पाठलागात झालेल्या गोळीबारात दोन सहकारी मरण पावले व स्वतः वसंतदादा खांद्याला गोळी लागून जखमी झाले. ज्या भुईकोटात शंभर वर्षांपूर्वी सीता स्वयंवराचा प्रयोग झाला होता, त्याच्याच तटाबाहेर हा प्रसंग घडला. संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा होऊन सांगली त्याचे ठाणे बनली आणि १९६० मध्ये जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. दरबार गेला तरी कचेऱ्या आल्या आणि कारकुनी पेशाच्या कुटुंबांचा चरितार्थ चालू राहिला. राजधानीचे गाव मोडले नाही याचे हे एक मुख्य कारण होय.

दुसरे कारण म्हणजे अभियांत्रिकी शिक्षण. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले. सरकारी अनुदानाची वाट न पाहता काढलेल्या या संस्थेची पहिली वर्षे ओढाताणीची होती. १९५५ मध्ये उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या न्यासाचे साहाय्य मिळून तिची पुनर्रचना झाली आणि ती वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय या नावाने विश्रामबाग येथेच नांदू लागली. जवळच्या किर्लोस्करवाडीने (स्थापना १९१०) या भागात यंत्रकामाची गोडी अगोदरच लावली होती. कोयना व इतर धरणांच्या कामांना अभियंते हवे होते. सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. त्यामुळे शेतकऱ्याच्या मुलास ‘इंजिनिअर’ होणे हे आवाक्यातले स्वप्न वाटू लागले. १९६२ मध्ये मिरज येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या मिशन रुग्णालयाची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होती. चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालय, कस्तुरबाई वालचंद महाविद्यालय, मुलींसाठी गरवारे कन्या महाविद्यालय अशी भर पडत गेली आणि सांगली-मिरज रस्ता हा विद्यार्थ्यांचा रस्ता झाला.

या विद्यार्थ्यांच्या राहणीमुळे नगरजीवनास निराळे वळण लागले. आरंभीच्या काळात गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. इतर समाजांनी आपापली वसतिगृहे काढली. दक्षिण भारत जैन सभेच्या (स्थापना १८९९) प्रेरणेने निघालेली जैन बोर्डिंगे ही त्यांपैकी विशेष उल्लेखनीय. त्यांमुळे शेतकरी जैन कुटुंबांतील पहिली शिकलेली पिढी तयार झाली. १९५० नंतर गावभागातील वाड्यांच्या मालकांना कुळकायद्याने जमिनीचे उत्पन्न उणावले, तेव्हा माडीवरच्या खोल्या विद्यार्थ्यांस भाड्याने देण्याचा प्रघात पडला. अनेक विधवा व निराधार स्त्रियांनी खानावळी चालवून मुले वाढविली. सहकारी कारखान्यांच्या आणि एस. टी.च्या प्रसाराबरोबर खेड्यांतील मुले मोठ्या संख्येने आली. त्यांच्यासाठी घरून भाकरीचा डबा पहाटेच्या गाडीवर ठेवला जाई आणि मुलगा सायकलीवरून स्थानकावर येऊन तो उतरवून घेई. वाहक-चालक हे काम बहुधा मोबदला न घेता करीत. डबा रिकामा करून, घासून, परतीच्या गाडीवर चढविणे हा दिनक्रमाचाच भाग होता. पावसाळ्यात गाडी अडली तर डबा येत नसे. त्या दिवशी भडंगावर भूक भागवीत. कुरमुऱ्यांचा हा तिखट, लसूणयुक्त प्रकार सांगली-जयसिंगपूर भागाची खासियत असून शहरातील अनेक विक्रेत्यांचा त्यावर चरितार्थ चालतो.

शिक्षणाचे स्वरूप पालटविणारा पुढचा निर्णय सांगलीच्याच एका पुढाऱ्याने घेतला. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या शासनाने १९८३ मध्ये खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली. स्वतः वसंतदादांना शालेय शिक्षण फारसे लाभले नव्हते. गावोगावच्या मुलांना परप्रांतात जाऊन देणग्या भरण्यापेक्षा घराजवळ तंत्रशिक्षण मिळावे, असा या निर्णयामागील युक्तिवाद होता. त्याच वर्षी शहरालगत बुधगाव येथे त्यांच्या परिवारातील संस्थेचे महाविद्यालय निघाले. जागा वाढल्या, हे खरे. परंतु शुल्क भरू शकणारा व न भरू शकणारा अशी नवी विभागणीही झाली. पूर्वी फीमाफीवर शिकलेल्या कुटुंबांस मुलांसाठी जमीन विकावी किंवा गहाण टाकावी लागल्याची उदाहरणे या भागात दुर्मीळ नाहीत. विश्रामबागेत ‘कॉट बेसिस’ वर खोल्या देणाऱ्या इमारती, मेस, झेरॉक्सची दुकाने व शिकवणी वर्ग यांची दाटी झाली. सायकलीची जागा वडाप या स्थानिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामाईक रिक्षांनी व पुढे दुचाकींनी घेतली. भाड्याने खोली देणारी गावभागातील घरे मागे पडली आणि शहराच्या नव्या पैशाचा ओघ पूर्वेकडे वळला. कालांतराने जिल्हाधिकारी कार्यालय व न्यायालयही मिरज रस्त्यावरील विजयनगर भागात गेले.

या स्थलांतरास नदीने गती दिली. कृष्णेची पातळी १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलापाशी मोजतात. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी होय. काठावरील लोकांस पूर नवा नव्हता. घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागले म्हणजे दुकानातील माल माडीवर न्यावयाचा, याचे ठोकताळे प्रत्येक घरात होते. २००५ च्या पुराने ते ठोकताळे मोडले. पाणी ५३ फुटांवर गेले आणि हरिपूर-सांगलीच्या पेवांत शिरून त्यांतील हळद कुजली. जी माती पाणी झिरपू देत नव्हती, तिने आत शिरलेले पाणी बाहेरही जाऊ दिले नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली पेवांची पद्धत या एका पावसाळ्यानंतर झपाट्याने मागे पडली व तिची जागा गोदामांनी आणि शीतगृहांनी घेतली. जाणत्या पेवकऱ्यांच्या विद्येस त्यानंतर गिऱ्हाईक उरले नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. गावभाग, हरभट रस्ता, मारुती चौक, कापड पेठ, गणपती पेठ, वखारभाग आणि शामरावनगर, दत्तनगर यांसारख्या ओढ्याकाठच्या नव्या वसाहती अनेक दिवस पाण्यात राहिल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यास दोष देण्याची लोकांची प्रवृत्ती आहे. राज्य शासनाने नेमलेल्या अभ्यास समितीने मात्र २०२० मध्ये असाधारण पर्जन्य आणि नदीनाल्यांच्या पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर मुख्य भर दिला. ही अतिक्रमणे काही परक्यांनी केलेली नव्हती. महाविद्यालयीन शहराच्या वाढीबरोबर ज्यांना उंचावरील जागा परवडली नाही, त्यांनीच ओढ्याकाठची स्वस्त भूमी घेतली होती. हमाल, रिक्षाचालक, लहान दुकानदार व खानावळवाल्या स्त्रिया यांचा त्यांत मोठा भरणा होता. पूरग्रस्तांसाठी शाळा-महाविद्यालयांच्या इमारती उघडण्यात आल्या आणि विद्यार्थ्यांनी तेथे अन्न शिजविणे, औषधे वाटणे व पुढे घरांतील गाळ उपसणे ही कामे केली.

त्या पुरात राजवाडा परिसरातील सांगली नगर वाचनालयातही पाणी शिरले. एकोणिसाव्या शतकापासून वर्गणीदारांच्या पैशातून जमविलेले हजारो ग्रंथ, जुन्या नियतकालिकांच्या बांधीव फायली व दुर्मीळ पुस्तके भिजून त्यांचा लगदा झाला. महाविद्यालयांची ग्रंथालये उंचावर असल्याने कोरडी राहिली. परंतु ती विद्यार्थी व अध्यापक यांच्यासाठी आहेत. पेठेतला कारकून, निवृत्त शिक्षक किंवा दुपारी दुकान मिटून वाचावयास येणारा व्यापारी यांचे ग्रंथालय नदीकाठीच होते. वाचनालयाने ग्रंथप्रेमींकडून पुस्तके मागवून संग्रह पुन्हा उभारण्यास प्रारंभ केला आणि महाराष्ट्राच्या विविध भागांतून त्यास प्रतिसाद मिळाला.